पाच वॅटचा हट्ट

"मुलासाठी का?"

कॅम्पातल्या एका वाद्यांच्या दुकानात काउंटरमागच्या माणसाने मान वर न करताच मला हे विचारलं. मी म्हटलं, "मुलगा छत्तीस वर्षांचा आहे." त्यावर तो म्हणाला, "मग नातवासाठी असेल." माझं वय एकसष्ट. चौतीस वर्षं बँकेत काउंटरच्या त्या बाजूला बसून मीही लोकांशी मान वर न करताच बोलत आले, त्यामुळे त्याच्यावर रागवायचा मला खरं तर अधिकार नव्हता. तरी रागावले. "माझ्यासाठी हवाय," मी म्हटलं. "इलेक्ट्रिक गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर. स्वस्तातला." तेव्हा मात्र त्याने मान वर केली, मला पायातल्या सँडलपासून चष्म्यापर्यंत बघून घेतलं आणि म्हणाला, "स्वस्तातला ट्यूब नसतो." मग पुन्हा मान खाली.

गिटार मुळात माझी नव्हेच, मुलाची. अकरावीत असताना त्याने शिष्यवृत्तीच्या पैशांतून ती घेतली होती, आणि सोबत पोळ्यांच्या डब्याएवढा एक छोटा अ‍ॅम्प. वर्षभर तो एकच तुकडा वाजवायचा. कुठल्याशा परदेशी गाण्याच्या मधला, नुसत्या गिटारचा भाग. सुरुवात छान व्हायची, मग ते वर वर चढत जायचं आणि एका ठिकाणी अडायचं. की पुन्हा पहिल्यापासून. स्वयंपाकघरात कणीक मळता मळता तो तुकडा मला पाठ झाला होता, अडायची जागासुद्धा.

मग बारावी आली. बारावी म्हणजे काय हे कोथरूडमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरातला टीव्ही बंद होतो, पाहुणे बंद होतात, आणि वडीलधाऱ्यांनी आजारी पडायचंच असेल तर मे महिन्यात पडावं अशी माफक अपेक्षा असते. मी गिटार माळ्यावर टाकली आणि अ‍ॅम्प भंगारवाल्याला दिला. माळ्यावर जागा नव्हती असं नाही. पण अर्धा मोह घरात ठेवून उपयोग काय, असा माझा तेव्हाचा हिशेब. गिटार पोत्यात मावली नाही म्हणून वाचली. मुलगा क्लासवरून आला, रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "परीक्षा झाल्यावर?" मी म्हटलं, "दोन्ही माळ्यावर टाकलंय. झाल्यावर बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे त्याला दुधाच्या दातांपासून ठाऊक होतं. परीक्षा झाली, मार्क उत्तम पडले, आम्ही पेढे वाटले. त्याने गिटारचा विषय काढला नाही. मग इंजिनिअरिंग झालं, मग अमेरिका. सोसायटीत ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत अशांच्या बाकावर आम्हालाही जागा मिळाली.

स्वेच्छानिवृत्तीनंतर दिवाळीपूर्वी माळा साफ करायला घेतला तेव्हा ती गिटार खाली आली. तारा गंजल्या होत्या, पण बाकी धडधाकट. ती पुसता पुसता मला जे वाटलं ते सरळच सांगते: लाज वाटली. सतरा वर्षांच्या पोराने स्वतःच्या पैशाने आणलेली गोष्ट मी विचारल्याशिवाय भंगारात दिली होती, आणि पंधरा-सोळा वर्षं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आमच्या घरात चुकलं तर माफी मागायची पद्धत नाही. चहा टाकतात. पण या चुकीला चहा पुरला नसता. म्हणून मी ठरवलं, तो तुकडा शिकायचा, अडतो त्याच्या पुढचासुद्धा, आणि मुलगा घरी येईल तेव्हा त्याच्यासमोर वाजवायचा. म्हणजे दुकानदाराच्या प्रश्नाला खरं उत्तर 'हो' असंच होतं. पण ते त्याला कशाला सांगू?

गल्लीच्या टोकाला एक शिक्षक शिकवतात. वय सव्वीस, मी त्यांना सर म्हणते, ते मला काकू म्हणतात. पहिल्याच दिवशी मी तो तुकडा त्यांना गुणगुणून दाखवला. त्यांनी तो लगेच ओळखला आणि जरा घाबरलेच. "काकू, हे बिगिनर्ससाठी नाहीये. तीन वर्षं लागतील, ॲट लीस्ट." मी म्हटलं, "लागू देत. मला दुसरं काही शिकायचंच नाहीये." तीन वर्षं मी बाकी काहीही शिकले नाही. मला साधं वाढदिवसाचं गाणं वाजवता येत नाही. बोटांच्या टोकांना घट्टे पडले, नेहमीच्या भाजीवालीने ते पाहून "काय हो ताई, आता धुणीभांडी करता का?" असं कळवळून विचारलं.

तिसऱ्या वर्षी सर म्हणाले, "आता ट्यूब अ‍ॅम्प लागेल. हा सोलो सॉलिड स्टेटवर, म्हणजे क्लासातल्या या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पवर वाजवला ना काकू, तर एकदम डेड वाटतो. ट्यूबला एक वॉर्म्थ असते. तुम्ही जोरात वाजवलंत की ती तुमच्याशी भांडते."

हे शेवटचं मला आवडलं. मुलगा गेल्यापासून घरात माझ्याशी भांडणारं कुणी राहिलं नव्हतं. यजमान भांडत नाहीत, तक्ते करतात.

ट्यूब म्हणजे काचेच्या नळ्या, जुन्या रेडिओत असायच्या त्याच. तापतात, नारिंगी दिसतात, महाग असतात आणि अधूनमधून जातात. साऱ्या जगाने त्या केव्हाच टाकून दिल्या, गिटारवाले तेवढे त्यांना धरून बसले आहेत. इंटरनेटवर या लोकांचे गट आहेत. तिथे मी चार महिने काढले. त्या चार महिन्यांत कोणती नळी कोणत्या देशातली चांगली यावरून माणसं एकमेकांच्या आईवडिलांपर्यंत गेलेली पाहिली, पण 'आज मी अमुक वाजवलं' असं कुणी लिहिल्याचं मला तरी आठवत नाही.

यजमान सांख्यिकी खात्यातून निवृत्त झाले. आमच्याकडे मिक्सर घ्यायला अकरा महिने लागले होते, आणि तो आला तेव्हा ते मॉडेल बंद पडलं होतं. त्यांनी उत्साहाने तक्ता आखला: वॅट, वजन, किंमत, वॅटमागे किंमत. त्यांच्या गणिताप्रमाणे सगळ्यात किफायतशीर निघाला शंभर वॅटचा, दोन माणसांनी उचलायचा, मैदानावर लावायचा अ‍ॅम्प. मी त्यांना समजावलं की ट्यूबचा खरा आवाज बटण बरंच वर नेल्याशिवाय येत नाही, आणि शंभर वॅटचं बटण वर नेलं तर सोसायटी आपल्याला बाहेर नेईल. म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पाच वॅटचाच घ्यायचा.

"पाच? अगं, आपल्या संडासातला दिवा नऊचा आहे."

"तरी पाचच."

"म्हणजे वॅटमागे जास्त पैसे देऊन आपण मुद्दाम कमी वॅट घ्यायचे."

"हो."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे आधी सांगायला हवं होतंस. सगळा तक्ता उलटा झाला." आणि तो उलटा करायला दोन महिने घेतले.

मधल्या काळात मी एक वापरलेला अ‍ॅम्प बघायला विश्रांतवाडीला गेले. विकणारा आयटीतला, चाळिशीचा. त्याच्या एका खोलीत पाच अ‍ॅम्प होते, सगळ्यांवर बायकोच्या जुन्या ओढण्या झाकलेल्या. "कोणता टोन शोधताय, काकू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "ऐकू येणारा." त्याला ते फारसं रुचलं नाही. त्याने मला नळ्यांचा इतिहास सांगितला, चहा दिला, पुन्हा इतिहास सांगितला. वाजवून दाखवा म्हटलं तर म्हणाला, "फ्लॅटमध्ये दोनच्या वर नेता येत नाही ना. खरा साउंड मी अजून ऐकलेलाच नाहीये, ॲक्चुअली." निघताना त्याने ओढणी नीट केली आणि म्हणाला, "खरं सांगू का काकू, हा द्यायचं मन होत नाहीये." मी बसने परत आले. पाच अ‍ॅम्प असून एकदाही मोकळा आवाज न ऐकलेल्या त्या माणसाची मला वाटेत कीवच आली, आणि मग वाटलं, आपल्याकडे तर एकसुद्धा नाही.

शेवटी कोथरूडचा राष्ट्रीय उपाय आठवला. इथे कुठलीही वस्तू महाग वाटली की म्हणतात, 'तिकडून मागवा.' मुलगा तीन वर्षांनी येणार होता, एकटाच, तीन आठवड्यांसाठी. तिकडे तोच पाच वॅटचा अ‍ॅम्प जवळजवळ निम्म्या किमतीत मिळत होता. अडचण वजनाची. अमेरिकेतून येणाऱ्या बॅगेतल्या प्रत्येक किलोवर कुणाचा तरी हक्क असतो. यजमानांच्या गोळ्या, खालच्या मजल्यावरच्या काकूंची घडीची काठी आणि माझ्या नणंदेचे चार किलो बदाम. अ‍ॅम्प अकरा किलोचा. मी फोनवर मुलाला म्हटलं, "बदाम राहू देत, मला अ‍ॅम्प आण." तो म्हणाला, "तुला? नुसता वेळ घालवायला ट्यूबचा कशाला?" मी म्हटलं, "आलास की कळेल." नणंद अजून माझ्याशी मोजकंच बोलते.

तो आला. अ‍ॅम्प त्याच्या कपड्यांत गुंडाळून सुखरूप आला. काळा, चौकोनी, वर धरायला मूठ. मी वाजवते हे त्याला माहीत होतं, पण 'आईचा वेळ जातो' एवढंच माहीत होतं. काय वाजवते ते मी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात लग्नं आणि दातांचे डॉक्टर झाले, दुसऱ्यात कोकण. तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी आम्ही अ‍ॅम्प समोर घेतला, तर सोबतची पुस्तिका यजमानांनी ताब्यात घेतलेली. "वाचून झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही," असं सांगून ते जेवले आणि झोपले. एक ते चार ही त्यांची झोपेची वेळ. या वेळेत आमच्याकडे कुणी मरतसुद्धा नाही.

पण माझ्याकडे आता पाचच दिवस होते. शनिवारी पहाटे मुलाचं विमान. मी म्हटलं, "लावूया का रे?" त्याने बॅगेतून पिना बदलायचा छोटा ठोकळा काढला. त्याचा लॅपटॉप त्याच ठोकळ्यावर चालत होता, दाढीचं यंत्र चालत होतं, टूथब्रश चालत होता. मग हाही चालणारच की. पिन बसली म्हणजे झालं, असा आम्हा दोघांचा विश्वास, त्यातला एक संगणक अभियंता. मी बटण दाबलं. नळ्या उजळल्या, फारच सुंदर उजळल्या, नारिंगी नव्हे तर जवळजवळ पांढऱ्या. मी "बघ, बघ" म्हणते आहे तोवर आतून घूं असा आवाज आला, मग टप्प, आणि जळक्या रोगणाचा वास घरभर पसरला.

यजमान पायजम्यात बाहेर आले. वास घेतला, ठोकळ्याकडे बघितलं, आत गेले आणि पुस्तिका घेऊन आले. पान अकरा. एका ओळीखाली पेन्सिलीने नीट पट्टी धरून रेघ मारलेली: हे यंत्र फक्त एकशेवीस व्होल्टवर चालते. आपल्या भिंतीतून दोनशेतीस येतात.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"काल रात्रीच वाचलं. चार वाजता चहाच्या वेळी सांगणार होतो."

"जेवताना का नाही सांगितलंत?"

"जेवताना विषय काढला असता तर तुम्ही दोघं चर्चा करत बसला असता. माझी झोप गेली असती."

मुलाला हसू आवरेना. मला रडू आलं. एकसष्टाव्या वर्षी, मुलासमोर, पाच वॅटच्या डब्यासाठी मी अक्षरशः हुंदके देऊन रडले. दोघेही घाबरले. आणि मग आमच्या लग्नाच्या इतिहासात पहिल्यांदाच यजमानांनी दुपारी पावणेदोन वाजता चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि मी अ‍ॅम्प घेऊन शहरात तपकीर गल्लीत गेलो. इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही तिथे मिळतं, फक्त गोड शब्द मिळत नाहीत. एका दुकानदाराने मागची फळी उघडून आत नुसतं डोकावलं. "ट्रान्सफॉर्मर गेला."

"नवा मिळेल?"

"नाही."

"दुरुस्त होईल?"

"नाही."

"मग आम्ही काय करायचं?"

"ते मला का विचारता?" आम्ही पायरी उतरलो तेव्हा मागून आवाज आला, "लोणी काळभोरला मोटारी भरणारा एक आहे. त्याला दाखवा. माझं नाव सांगू नका." नाव त्याने आम्हाला सांगितलंच नव्हतं.

बुधवारी सकाळी सोलापूर रस्त्याला लागलो. गाडी मुलगा चालवत होता, म्हणजे दोन्ही हातांनी चाक धरून देवाचं नाव घेत होता. हडपसरपाशी सगळं ठप्प झालं. "आई, जाऊ दे ना," तो म्हणाला. "मी तिकडे गेलो की दुसरा बघतो तुझ्यासाठी."

"बघतो म्हणू नकोस."

माझ्या मांडीवर पुस्तिका होती, ती यजमानांनी सोबत दिली होती. मी तिच्याकडे बघत म्हटलं, "तुझा तो छोटा अ‍ॅम्प मी भंगारात दिला होता."

"माहितीये."

"कसं? मी तर माळ्यावर टाकलाय असं म्हणाले होते."

"गिटारशेजारी नव्हता. मग मी त्याच संध्याकाळी सायकल घेऊन भंगारवाल्याकडे गेलो. त्याने तोवर तो फोडून आतलं तांबं काढलं होतं." त्याने गियर टाकला, गाडी चार फूट पुढे नेली, पुन्हा थांबला. "नुसतं खोकं होतं. ते काय करायचं?"

एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षं हा मुलगा हे घेऊन आमच्याबरोबर जेवला, पेढे वाटले, परदेशी गेला, दर रविवारी फोन केला. मी विचारलं, "मला बोलला का नाहीस?"

"तू परीक्षा झाल्यावर बघू म्हणालीस. बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं ना, आई." रागाने म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. तो अगदी सहज म्हणाला.

"माझं चुकलं," मी म्हटलं. आयुष्यात हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल ते यजमान तक्ता करून सांगू शकतील. फार मोठा तक्ता होणार नाही. मुलगा माझ्याकडे वळला आणि काहीतरी बोलणार इतक्यात सिग्नल सुटला आणि मागच्या सहा जणांनी एकदम हॉर्न वाजवले. या शहरात माफी मागायची तर निदान गाडी कडेला घ्यावी.

लोणीचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. चहूकडे विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी उघड्या पडलेल्या, आणि मध्ये साठीचा एक माणूस तांब्याची तार नव्याने गुंडाळत, म्हणजे मोटार भरत, बसलेला. त्याने अ‍ॅम्पची फळी काढली, बोटाने नळ्या हळूच टिचकावल्या आणि म्हणाला, "नळ्या जित्या हायती. ह्ये नुसतं भरायचं काम हाय, ताई. आमच्या देवळाच्या भोंग्याला पूर्वी असल्याच नळ्या व्हत्या. कवा पायजे?"

"शुक्रवारी. शनिवारी पहाटे हा जातोय."

"कुठं?"

"अमेरिकेला."

"मंग ह्यो भोंगा बी न्यायचाय का संगं?"

"नाही. हा इथेच राहणार."

"मंग झ्याक. मी ह्येला हितल्याच करंटावर भरतो. पुन्यांदा तिकडं न्येला तर चालायचा न्हाय, आदीच सांगून ठेवतो." त्याने चिकटपट्टीचा तुकडा फाडला. "वाजवतं कोण?"

मी म्हटलं, "मी."

"बरं," तो म्हणाला, आणि पट्टीवर लिहिलं: 'कोथरूड ताई, भोंगा'. अख्ख्या वर्षभरात, हा कुणासाठी, का, या वयात कशाला, असं काहीही न विचारणारा हा पहिला माणूस. ती पट्टी मी अजून काढलेली नाही.

शुक्रवारी दुपारी आम्ही अ‍ॅम्प घेऊन आलो. चार वाजेपर्यंत थांबलो, कारण आता पुन्हा धोका पत्करायची कुणाचीच तयारी नव्हती. बैठकीच्या खोलीत मुलाची बॅग भरलेली, वजन करून झालेली. यजमानांनी उठून, चूळ भरून, स्वतः बटण दाबलं. या वेळी नळ्या नारिंगी झाल्या, हळूहळू. एक मिनिट थांबावं लागतं. ते एक मिनिट आम्ही तिघेही त्या डब्यासमोर उभे होतो.

मी गिटार गळ्यात अडकवली. तीन वर्षं ज्या घटकेची तयारी केली ती समोर होती आणि मला पहिला सूर कुठला तेच आठवेना. "तू आधी," मी म्हटलं आणि गिटार त्याच्याकडे दिली.

"माझे हात गेलेत, आई." पण त्याने ती घेतली. पट्टा लांब केला. मग छत्तीस वर्षांच्या, डोक्यावरचे केस विरळ झालेल्या त्या माणसाने माझ्याकडे बघून विचारलं, "वाजवू?"

मी मान हलवली. त्याने तोच तुकडा धरला. अडखळत, चुकत, पण तोच. डब्यातून आवाज आला तो मी कधीही ऐकला नव्हता. जाड, जरासा फाटलेला, आणि बोट दाबलं की ओरडणारा. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर झारे किणकिणायला लागले. तुकडा वर चढत गेला, चढत गेला आणि त्या जागेपाशी थांबला. तो हसला. "इथेच. पुढचं राहिलंच शिकायचं."

"पुढचं मला येतं," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. तीन वर्षं मी काय वाजवत होते ते त्याला तेव्हा कळलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याने गिटार गळ्यातून काढली आणि माझ्या गळ्यात घातली, पट्टासुद्धा नीट करून दिला.

मी त्या जागेपासून सुरू केलं. डोळे मिटून नव्हे, चांगले उघडे ठेवून, बोटांकडे बघत. अर्ध्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू, काठीसकट. आमच्या लिफ्टमध्ये त्यांच्याच हस्ताक्षरात सूचना आहे: 'वाद्य शिकणाऱ्यांनी आधी शिकावे, मग वाजवावे.' दारातून त्यांचा आवाज आला, "मुलगा आलाय ना, म्हणून आज काही म्हणत नाही. पण त्याला म्हणावं, जरा हळू वाजव."

"मुलगा ऐकतोय," यजमान म्हणाले. "वाजवतेय ती." आणि वर, "पाचच वॅट आहे हो. तक्ता दाखवू का?"

दार लागलं. मी शेवटच्या वळणावर पोचले होते आणि तिथेच चुकले. बोट घसरलं, अ‍ॅम्पने ते इमानदारीने घरभर ओरडून सांगितलं. मी थांबले. आता त्याने छान म्हणावं, टाळ्या वाजवाव्यात, निदान राहू दे म्हणावं, असं मला फार वाटलं.

मुलगा सोफ्याच्या कडेला बसला होता, गुडघ्यांवर कोपरं टेकून. डोळे ओले होते, पण आवाज अगदी कोरडा. तो आवाज माझाच होता. सतराच्या पाढ्यात तो अडखळला की मी असाच लावायचे.

"परत," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून घेतलं.